कडेचं तापमान

चटका बसला तेव्हा मी ओरडले नाही. बोट झटकन मागे घेतलं, तोंडात घातलं आणि ज्या कोपऱ्याला ते टेकलं होतं त्याच्याकडे बघत राहिले. कोपरा काळा, गुळगुळीत, आपण त्या गावचेच नाही असा. कार्बन फायबरचे थर एकावर एक दाबून केलेली ती प्लेट होती, तिच्या पोटाखाली तांब्याच्या नळीचं वेटोळं होतं, आणि ते वेटोळं, आम्ही त्याला कॉइल म्हणतो, नुकतंच बंद झालं होतं. जाळ नाही, तवा नाही, कॉइल प्लेटला शिवतसुद्धा नाही. तिच्यातून उलटसुलट धावणारी वीज प्लेटच्या तंतूंमध्ये त्यांची वीज उठवते आणि प्लेट आतून तापते. कुठे किती तापेल हे आधीच गणितानं सांगायचं, हे माझं काम. माझ्या संगणकातल्या चित्रात तो कोपरा निळा होता. निळा म्हणजे हात ठेवून गप्पा माराव्यात इतका गार. म्हणून तर मी हातमोजा काढून तिथे खुशाल हात टेकला होता, काही न बघता.

"वहिनी, अहो हातमोजा कुठंय तुमचा?" मामा म्हणाले. मामा म्हणजे दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर. ते नक्की कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नाही. कार्यशाळा माझ्या नवऱ्याच्या हाताखाली, म्हणून मी तिथल्या सगळ्यांची वहिनी. आज तो नव्हता. त्याच्या आईचे डोळे तपासायचे होते, त्यांना घेऊन तो दवाखान्यात गेला होता आणि त्याच्या जागी मामा आले होते. "नळाखाली धरा आधी," ते म्हणाले. "आणि साहेबांना सांगू नका हां. त्यांची ती तांब्याची पट्टी आज सापडलीच नाही मला. सगळे खण उपसले. म्हटलं एक दिवस नसली तर काय बिघडतंय."

कुठली पट्टी, असं ओठांवर आलं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "हां, ती."

"तीच हो. कोपऱ्याखाली सरकवतात ना प्रत्येक वेळी, ती."

मी नळाकडे गेले. पाणी बारीक पडत होतं, बोटाचं टोक पांढरं पडून मग लाल होत होतं, आणि डोक्यात 'प्रत्येक वेळी' हे दोन शब्द एकमेकांना ढकलत होते. तांबं उष्णता पटकन ओढून घेतं. तांब्याची जाड पट्टी कोपऱ्याखाली ठेवली तर कोपरा गार राहणार, हे शाळेतलं पोरही सांगेल. उष्णता टिपणारा कॅमेरा वरून त्याच एका कोपऱ्यावर रोखलेला, चारही सारखेच म्हणून, त्याला प्लेटखालचं काय दिसणार. म्हणजे माझ्या चित्रात कोपरा निळा होता, कॅमेऱ्यात कोपरा निळा होता, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि मधल्या मध्ये एक पट्टी होती जी फक्त माझ्या नवऱ्याला आणि मामांना माहीत होती. मामांना तर ते कामाचाच भाग वाटत होतं. मी नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. हात पुसायला काही सापडेना तेव्हा साडीलाच पुसले आणि मग लक्षात आलं की मी आज साडी नेसलेली नाही, दुपारच्या बैठकीसाठी शर्ट-पँट घातली आहे, आणि शर्टावर ओला डाग पडला आहे.

दुपारची बैठक माझ्या त्या गणिताची, म्हणजे मॉडेलचीच होती. रुग्णवाहिकेत घालायचं हलकं स्ट्रेचर बनवणारी एक कंपनी आमची गिऱ्हाईक आहे. स्ट्रेचरची पाठ म्हणजे अशीच काळी प्लेट, आणि तिच्या चार कोपऱ्यांच्या जरा आत खालचे आधार कॉइलनं तापवून चिकटवायचे, खुद्द कोपरे गारच राहायला हवेत. तंतूंना धरून ठेवणारं आतलं प्लास्टिक वितळतं, थंड होतं, जोड पक्का. पण जास्त तापलं तर ते आतल्या आत करपतं, थर सुटतात, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आतापर्यंत आमच्याकडे दर खेपेला काही प्लेटा मुद्दाम मोडून जोड बघितला जायचा. आजच्या बैठकीनंतर मोडायची गरज राहणार नव्हती. वहिनींचं मॉडेल सांगतंय ना, मग झालं. मी हो म्हणायचं होतं, बाकीच्यांनी हो म्हणायचं होतं, आणि मग तिकडे दूरच्या कारखान्यात, जिथे कुणाला कुठली पट्टी ठाऊक नाही, कोपरे तापायला लागणार होते आणि त्या कोपऱ्यांवर माणसं झोपवली जाणार होती.

जागेवर येऊन बसले. बसवेना. उठून खिडकीशी गेले, तिथूनही परत आले. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, "आज परीक्षा आहे वाटतं," आणि मी हसले. घरात एक तापवतो, दुसरी अंदाज बांधते, हा आमच्यावरचा इथला जुना विनोद. नवऱ्याचं म्हणणं नेहमी असं की तुझ्या संगणकात प्लेट कधी जळत नाही, वास येत नाही, बरं आहे तुझं. माझं म्हणणं असं की तू नुसतं तापवून बघतोस, का तापलं ते तुला कुठे सांगता येतं. लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही यावरून जेवताना इतकं भांडायचो की सासूबाई ताट उचलून टीव्हीसमोर जायच्या. तेव्हा तो माझी एकेक चूक पुराव्यासकट समोर टाकायचा. करपलेल्या प्लेटचा तुकडा घरी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवायचा, हे बघ तुझं निळं. मला राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तुकड्याकडे बघता बघता मला कुठे चुकलं ते सापडायचं. तसा तुकडा त्यानं शेवटचा कधी आणला होता ते मला आठवेना. आजारपणाच्या आधी, एवढं नक्की.

आजारपण म्हणजे काय होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ताप नव्हता, दुखत नव्हतं. एके सकाळी कामाला निघाले, बसथांब्यावर जाऊन बसले आणि उठलेच नाही. एकामागून एक बस येत होत्या, दार उघडत होतं, माणसं मला ओलांडून चढत होती, दार मिटत होतं. मला वाटत होतं, पुढच्या बसनं जाऊ. ते मला अगदी मनापासून वाटत होतं. ऊन माझ्या पायावरून पलीकडच्या भिंतीवर गेलं तेव्हा तो आला. कुणी त्याला कळवलं कोण जाणे. तो माझ्या शेजारी बाकावर बसला, चल म्हणाला नाही, काय झालं विचारलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "भूक लागलीय का?" मला रडू आलं, कारण ते मला सांगता येत नव्हतं. त्यानंतर महिनेच्या महिने मी पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. गोळ्या होत्या, डॉक्टरीणबाई होत्या, त्या म्हणायच्या, ताण देऊ नका. मला नाही, घरच्यांना सांगायच्या. मी तिथेच बसलेली असायचे.

मग कामावर परत आले आणि हे मॉडेल माझ्याकडे आलं. सगळं हळूहळू करायला सांगितलं होतं. मी हळूहळू केलं. प्लेटमधले तंतू एका थरात उभे, दुसऱ्यात आडवे. वीज तंतूच्या लांबीनं सुखानं धावते, पण कडेला आली की तिला पुढे रस्ता नसतो. वळायचं तर वरच्या थरातून खालच्या थरात उतरावं लागतं, जिथे उभे आणि आडवे तंतू एकमेकांना टेकलेले असतात तिथून. ते टेकणं चांगलं असेल तर काही होत नाही. ते धड चिकटलेलेही नाहीत आणि धड सुटेही नाहीत असं असलं की तिथेच सगळ्यात जास्त तापतं. थर एकमेकांना किती टेकलेत यासाठी माझ्या गणितात एक आकडा होता, सगळ्या प्लेटला मिळून एकच. मला तेव्हाच शंका आली होती. कडेला दाब कमी बसतो, तिथे थर सैल असणार, तिथे आकडा वेगळा हवा. मी त्याला म्हटलंही होतं, घरी, चहा घेताना, "कडेला मला भरवसा वाटत नाही." तो कप धुवत होता. म्हणाला, "चालवून बघू ना." आणि चालवून बघितलं तर कोपरा गार. पहिल्याच फेरीत चित्र चित्राला जुळलं. इथे असं कधी होत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी त्या संध्याकाळी घरी येऊन आपणहून खिडक्यांचे पडदे धुवायला काढले. कडेची शंका मी सोडून दिली. आजारी डोक्यातून आलेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. हे आत्ता, टेबलाशी उभी असताना, मला अगदी शब्दांसकट आठवलं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. बाहेर पडले. चावीवाल्याचं दुकान, कपडे धुवून देणाऱ्याची काच, काचेमागे हँगरला लटकलेले अनोळखी लोकांचे कोट, बूट दुरुस्त करणारा, औषधाचं दुकान. औषधवाल्यानं ओळखीचं हसून मान हलवली. पूर्वी हा माणूस सुट्टे पैसे नाहीत म्हणून माझ्यावर खेकसायचा. आता हसतो. याला कुणी सांगितलं असेल का काही? मी चालायचा वेग वाढवला. एकदा किडा डोक्यात शिरला की शिरला. सासूबाईंना माझ्या हातचा चहा कधी आवडला नव्हता, त्याला त्या गरम पाणी म्हणायच्या, पाहुण्यांसमोरही म्हणायच्या. हल्ली म्हणतात, छान झालाय. गेल्या आठवड्यात मी साखरच घालायला विसरले होते, त्या कपभर प्यायल्या आणि छान झालाय म्हणाल्या. मुलगी पंधराची. या वयात आमच्या घरची दारं शाबूत राहणार नाहीत असं आम्ही दोघं हसून म्हणायचो, इतकी ती आपटायची. मग आपटणं थांबलं. माझ्या खोलीत येताना ती दार दोन्ही हातांनी लावते, कडी वाजू न देता. मला वाटलं होतं, मोठी झाली बिचारी, समज आली. माझी बहीण फोनवर माझ्याशी वाद घालत नाही. ती, जिनं आईच्या बांगड्यांवरून माझ्याशी वर्षभर अबोला धरला होता. मी म्हणेन ते तिला पटतं. सगळ्यांनाच पटतं. गेलं वर्षभर माझं कुणाशी एकदाही भांडण झालेलं नाही, आणि मी मूर्खासारखी समजत होते की मी शहाणी झाले.

चौकात उभी राहून मी त्याला फोन लावला.

"हां, बोल," तो म्हणाला. मागे कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. "आईच्या डोळ्यात थेंब घातलेत. आता नुसतं बसायचं. सगळं धूसर दिसतंय म्हणून माझ्यावर चिडलीय, जसं काही मीच धूर केलाय."

"तांब्याची पट्टी कुठंय?"

दवाखान्यात एक पोर रडत होतं ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "माझ्या पिशवीत."

"दवाखान्यात घेऊन गेलास?"

"पिशवीतच असते ती." मग त्यानंच विचारलं, "मामांनी प्लेट चालवली का?"

"चालवली."

"तुला लागलं तर नाही ना कुठे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या मोठ्या गोष्टीवर त्याला पहिल्यांदा सुचलं काय, तर हे. "नाही लागलं," मी म्हटलं, खोटंच, आणि खोटं बोलल्याचा मला आणखी राग आला.

"ऐक, मी निघतो. बैठकीत तू काही बोलू नकोस, आधी आपण दोघं नीट—"

"येऊ नकोस. आईंना तिथे एकटं सोडू नकोस," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

परत आले ती जवळजवळ पळतच. संगणक उघडला. चित्रातल्या कडेच्या चौकोनांच्या दोन ओळींसाठी थर टेकण्याचा तो आकडा वेगळा केला, सैल थरांना शोभेल असा, आणि गणित पुन्हा चालू केलं. पडद्यावर काटा फिरत राहिला. मी उभी होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर. हे मी वर्षापूर्वी करायला हवं होतं, केलंही असतं, मला सुचलं होतं. रंग भरायला लागले. मध्यभाग हिरवा, मग पिवळा, आणि मग चारही कोपरे एकेक करून लाल झाले. मला इतका आनंद झाला की लाजच वाटली. माझं मॉडेल चुकलं होतं, आजची बैठक बोंबलणार होती, आणि मी टेबलाला धरून हसत होते. माझी शंका बरोबर होती. सगळे मला सांभाळून घेत होते त्या दिवसांतही माझं डोकं नीट चालत होतं, कड कुठे तापते हे त्याला कळत होतं. आणि ज्या माणसानं बसथांब्यावर मला काही विचारलं नव्हतं त्यानंच ते मला कळू दिलं नव्हतं. आनंद आणि हे, दोन्ही एकाच वेळी अंगात होतं, आणि कुठलं आधी हे ठरेना.

बैठकीला आमच्या विभागाच्या मॅडम होत्या. मागे सगळे त्यांना थर्मामीटर म्हणतात, कारण त्या नमस्काराऐवजीसुद्धा आकडा विचारतात. स्ट्रेचर कंपनीचे दोघे होते, चष्मेवाला होता, आणि कार्यशाळेच्या वतीनं मामा होते, स्वच्छ शर्ट घालून, खुर्चीच्या अगदी पुढच्या टोकावर. मी पडद्यावर दोन चित्रं लावली, जुनं आणि नवं, आणि म्हटलं, "मॉडेल चुकीचं आहे. कोपरे तापतात. माझ्या हिशेबानं जोड करपेल इतके तापतात. प्लेटा मोडून बघणं थांबवू नका."

कंपनीच्या दोघांपैकी एकानं पेन मिटलं.

"पण चाचण्यांत तर जुळत होतं," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या चाचण्यांत. कॅमेऱ्याचा काही घोटाळा होता का?"

त्यांनी रस्ता स्वतःच दाखवला. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. कॅमेरा बिचारा बोलत नाही. किंवा म्हणता आलं असतं की एक पट्टी चुकून राहिली होती, कुणाच्या लक्षात आली नाही. हे वाक्य माझ्या मनात तयार होतं, शब्द जुळवून, पॉलिश करून. ते म्हटलं की त्याची नोकरी वाचली, मामा वाचले, संध्याकाळी घरी गेल्यावर तो माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडेल. मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मी त्याच्या कोपऱ्याखाली पट्टी सरकवायला निघाले आहे. इतकं सोपं असतं ते. इतकं आपोआप, इतकं प्रेमानं होतं. त्या क्षणी मला तो जेवढा समजला तेवढा गेल्या वर्षभरात समजला नव्हता, आणि त्याचा राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

"कॅमेरा ठीक आहे," मी म्हटलं. "चाचणीच्या वेळी कोपऱ्याखाली तांब्याची पट्टी ठेवलेली असायची. नोंद न करता. माझ्या नवऱ्यानं ठेवली होती."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे. "मला वाटलं ते तसंच असतं, मॅडम," ते हळूच म्हणाले. "शपथेवर सांगतो."

"ते लपवलंय हे मामांना माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मलाही नव्हतं."

"का?" मॅडमनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी आकडा मागितला नव्हता.

"ते तुम्ही त्याला विचारा," मी म्हटलं. माझा आवाज बरा होता. "मी अजून विचारलेलं नाही."

त्या म्हणाल्या, त्याला उद्या सकाळी आधी माझ्याकडे पाठवा, कार्यशाळेत नको. कंपनीचे दोघे उठले. दारात त्यातल्या एकानं माझे आभार मानले, तेव्हा मला वाटलं, याला काय माहीत आज मी काय देऊन बसले.

घरी आले तेव्हा सासूबाई बैठकीच्या खोलीत काळा चष्मा लावून बसल्या होत्या, दिवे बंद करून. "कोण, तू का?" त्या म्हणाल्या. "चहा घेणार असशील तर मलाही टाक." मुलीनं स्वयंपाकघरातून डोकं काढलं. "आई, तू बस, मी करते," ती म्हणाली, त्या मऊ आवाजात. मी तिला म्हटलं, "तुझी उद्या गणिताची परीक्षा आहे ना? मग इथे काय करतेयस?" ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "जा म्हटलं ना," मी म्हटलं. ती गेली, आणि दार लावताना पूर्वीइतकं नाही, पण जरा जोरात लावलं. नवरा मागच्या खोलीत होता. वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर होता आणि तो घड्या घालत होता. माझ्या कपड्यांचा वेगळा गठ्ठा लावला होता, नीट, कडा जुळवून. मी दार लोटलं.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "बैठकीत. तुझं नाव घेतलं. उद्या सकाळी मॅडमकडे जायचंय तुला."

त्यानं मान हलवली. हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "बरं केलंस," तो म्हणाला. "मला जमलं नसतं."

"का केलंस?"

"एकदाच ठेवणार होतो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "त्या पहिल्या दिवशी मी तुझ्या आधी गेलो, एक प्लेट चालवून बघितली. कोपरा भडकला. म्हटलं तुला सांगावं, तूच म्हणाली होतीस कडेला शंका आहे म्हणून. तेवढ्यात तू आलीस. त्या सकाळी तू आपली आपण केस विंचरले होतेस. कितीतरी महिन्यांनी. भांग वाकडा होता. मला नाही सांगता आलं. म्हटलं, आज फक्त जुळू दे, उद्या सांगू. मग तू पडदे धुतलेस."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी काढली असती तर पहिलं कळलं असतं."

"माझी शंका बरोबर होती," मी म्हटलं, आणि आता माझा आवाज फाटला. "मी बरोबर होते रे. मला वाटलं माझं डोकं गेलंय. तू मला चूक ठरू दिलं असतंस तर मी बरोबर ठरले असते. एवढं साधं तुला कळलं नाही?"

"नाही कळलं," तो म्हणाला. "मला फक्त तू त्या बाकावर बसलेली दिसायचीस. अजून दिसतेस."

बाहेर सासूबाई मुलीला हाका मारत होत्या, चहाचं काय झालं म्हणून. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते, कपाटापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत. पलंगाला गुडघा आपटला तरी थांबले नाही. सकाळपासून जो प्रश्न माझ्या मागे लागला होता तो आता समोर आला होता आणि त्याला वळसा घालायला जागा नव्हती. औषधवाला, बहीण, चहा, दार, हे सगळं ठीक आहे. ते सगळे बाहेरचे, ते कडेचे. मी थांबले.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी काय?"

"माझ्याशी वर्षभर जसा वागलास ते. डबा भरून देणं, बसथांब्यापर्यंत येणं, रात्री पाठीवर हात ठेवणं. ते मनानं होतं, की तेही असंच? मला सोसावं म्हणून?"

त्याच्या हातात माझा कुर्ता होता. त्यानं तो खाली ठेवला. त्यानं लगेच उत्तर दिलं असतं तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता, आणि हे बहुधा त्यालाही माहीत होतं. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मला त्याच्या मानेवरचे पिकलेले केस दिसले. ते कधी पिकले ते मी पाहिलं नव्हतं.

"काही दिवस तसंच होतं," तो म्हणाला. "पुष्कळ दिवस."

"आज?"

"आज दवाखान्यात तुझा फोन आला ना, त्यानंतर आईला तिथेच बसवून कुठेतरी निघून जावं असं वाटलं. परत येऊच नये. जिन्यापर्यंत गेलो होतो."

हे लागलं. भलतंच लागलं. मला वाटलं आता मी कोसळेन, त्यालाही तेच वाटलं असावं, कारण त्याचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. तो हात मागे घेताना त्याला किती जड गेलं ते मी पाहिलं. मी कोसळले नाही. पलंगावरचे कपडे बाजूला सारले, घड्या विस्कटल्या, आणि त्याच्यासमोर बसले.

"आणखी सांग," मी म्हटलं. "सगळं सांग."

त्यानं सांगायला सुरुवात केली. त्यातलं बरंचसं ऐकवत नव्हतं. मी ऐकत राहिले.